मायक्रोवेव्ह बिघडलाय? कव्हरचे स्क्रू काढण्याआधी हे वाचा

माझ्या हत्यारांच्या डब्यात एक जुना स्क्रूड्रायव्हर आहे. त्याच्या टोकाचा टाचणीच्या डोक्याएवढा टवका उडालाय आणि टवक्याभोवतीचं पोलाद निळसर-काळं पडलंय. हा टवका एका मायक्रोवेव्हमधल्या कपॅसिटरने, म्हणजे वीज साठवून ठेवणाऱ्या भागाने उडवला. त्या वेळी प्लग सॉकेटमध्ये नव्हता, वायर गुंडाळून बाजूला ठेवली होती. मिक्सर, पंखे, इस्त्र्या उघडून जोडण्याचा हात तोवर चांगला बसला होता. प्लग काढला की यंत्र मेलं, हे इतकं अंगवळणी पडलेलं की दुसरा विचारही मनात आला नाही. एक कडाड आवाज झाला, डोळ्यांपुढे पांढरा लखलखाट आला. त्या ठिकाणी स्क्रूड्रायव्हरऐवजी बोट असतं तर हा लेख बहुधा दुसऱ्या कुणाला लिहावा लागला असता.

तेव्हा ज्यांनी आजवर मायक्रोवेव्ह फक्त बटणं दाबून वापरलाय आणि आता तो बिघडल्यावर "जरा उघडून बघू का?" असा विचार ज्यांच्या मनात घोळतोय, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन. घरी करण्यासारखं बरंच काही आहे, पण ते सगळं बाहेरच्या पत्र्याच्या अलीकडे.

पायरी १: पत्र्याच्या आत काय आहे ते समजून घ्या

मायक्रोवेव्हमध्ये लाटा तयार करणाऱ्या भागाला मॅग्नेट्रॉन म्हणतात. ही वस्तू मूळची रडारची. १९४५ साली अमेरिकेतल्या रेथिऑन कंपनीत पर्सी स्पेन्सर यांनी तिचा उपयोग अन्न तापवायला होईल हे ओळखलं, आणि १९४७ च्या सुमाराला बाजारात आलेलं पहिलं यंत्र माणसाच्या उंचीचं होतं. आज ते ओट्यावर मावतं, पण मॅग्नेट्रॉनची भूक काही फारशी बदललेली नाही. त्याला हजारो व्होल्ट लागतात.

घरातली वीज देशाप्रमाणे १२० किंवा २३० व्होल्टच्या आसपास असते. आतला जड ट्रान्सफॉर्मर ती साधारण २,००० व्होल्टपर्यंत चढवतो. पुढे एक कपॅसिटर आणि वीज एकाच दिशेने जाऊ देणारा एक डायोड मिळून ती जवळपास दुप्पट करतात, म्हणजे ४,००० व्होल्टच्या घरात. त्यावर मॅग्नेट्रॉन चालतो आणि सेकंदाला २४५ कोटी वेळा हेलकावणाऱ्या लाटा सोडतो.

नुसत्या व्होल्टच्या आकड्याला घाबरायचं कारण नाही. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीत २५,००० व्होल्ट असायचे, आणि त्याचा झटका खाऊन शिव्या देत उठलेले मेकॅनिक पुष्कळ भेटतील. त्या व्होल्टमागे जोर नव्हता. मायक्रोवेव्हच्या ४,००० व्होल्टमागे अख्खा ट्रान्सफॉर्मर उभा असतो. हृदयाची लय बिघडवायला अँपिअरचा दहावा हिस्साही पुरतो, हा ट्रान्सफॉर्मर त्याच्या कितीतरी पट प्रवाह सहज देतो. झटका खाल्लेला मायक्रोवेव्हवाला गोष्ट सांगायला सहसा उरत नाही.

आणखी एक गोष्ट नवख्यांना माहीत नसते. ट्रान्सफॉर्मरच्या उच्च दाबाच्या तारेच्या गुंडाळीचं एक टोक थेट यंत्राच्या पत्र्याला जोडलेलं असतं. म्हणजे सगळा सांगाडाच सर्किटचा एक भाग. एक हात पत्र्यावर टेकवून दुसऱ्या हाताने आत काही चाचपायला गेलात की प्रवाहाचा रस्ता एका हातातून छातीमार्गे दुसऱ्या हातात. "पण आमच्याकडे शॉकपासून वाचवणारा ब्रेकर बसवलाय" असं कुणी म्हणेल. तो ब्रेकर घरच्या लाइनमधून गेलेला आणि परत आलेला प्रवाह यांची तुलना करतो. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या बाजूला तुम्हाला शॉक बसत असेल तर अलीकडे दोन्ही आकडे सारखेच दिसतात. तुमच्या अंगातून जाणारी वीज त्याला अन्न तापवणाऱ्या विजेसारखीच वाटते. तो पडत नाही.

नव्या इन्व्हर्टर मॉडेलमध्ये जड ट्रान्सफॉर्मरऐवजी एक बोर्ड असतो. वजनाला हलका म्हणून निर्धास्त होऊ नका. मॅग्नेट्रॉनला जाणारे व्होल्ट तेवढेच, वर बोर्डवरच्या, उष्णता बाहेर टाकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांमध्येही घरच्या लाइनची वीज खेळत असू शकते.

पायरी २: प्लग काढला म्हणजे काम झालं, हे डोक्यातून काढा

कपॅसिटर हा विजेचा छोटा साठा. मायक्रोवेव्हमधला कपॅसिटर साधारण एक मायक्रोफॅरडचा असतो, मुठीत मावेल एवढा चपटा डबा. यंत्र बंद झालं तरी त्यात दोन-तीन हजार व्होल्ट साठून राहू शकतात. हा साठा हळूहळू निचरून जावा म्हणून त्याच्या पोटात सहसा एक रेझिस्टर असतो आणि सगळं ठीक असेल तर मिनिटभरात काम होतं. पण हा रेझिस्टर तुटलेला असेल तर बाहेरून काहीच कळत नाही. आणि तुम्ही यंत्र उघडताय ते बिघडलंय म्हणूनच ना! बिघडलेल्या यंत्रातला नेमका हाच भाग शाबूत असेल, यावर जीव टाकायचा?

"स्क्रूड्रायव्हरने दोन्ही टोकं जोडून टाका, डिस्चार्ज होतो" असा सल्ला सर्रास ऐकू येतो. माझा टवका अशाच ठिणगीचा. वितळलेल्या धातूचे कण उडतात, डोळ्यात जाऊ शकतात, कपॅसिटरही आतून दुखावतो. आणि दचकून हात झटकला की तो शेजारच्या पत्र्याच्या कडेवर जातो. त्या कडा ब्लेडसारख्या असतात, हेही अनुभवाचे बोल. शिकलेले मेकॅनिक लांब इन्सुलेटेड दांड्याला मोठा रेझिस्टर लावून चार्ज सावकाश उतरवतात, मग तपासतात, मग पुन्हा एकदा उतरवतात. हे हत्यार आणि ही सवय दोन्ही नसतील तर कव्हर जागच्या जागी राहू द्या.

मल्टिमीटर घेऊन चालू यंत्रात व्होल्ट मोजायला जाणं हा तर सरळ आत्मघात. घरगुती मीटर ६०० किंवा १,००० व्होल्टपर्यंतचे असतात. ४,००० व्होल्टला मीटर हातातच फुटू शकतो.

पायरी ३: बाहेरून जे तपासता येतं ते नीट तपासा

मायक्रोवेव्ह "बिघडला" म्हणून येणाऱ्या तक्रारींत कित्येकदा बिघाडच नसतो. घाई न करता बघा.

अजिबात चालू होत नसेल तर आधी त्याच सॉकेटमध्ये दुसरं एखादं उपकरण लावून पाहा. एक्स्टेन्शन बोर्डवर चालवत असाल तर थेट भिंतीच्या सॉकेटला लावा. प्लगच्या पिना काळ्या पडल्यात का, सॉकेट गरम लागतं का, तेही बघा. तसं असेल तर दुखणं सॉकेटचं आहे आणि ते इलेक्ट्रिशियनचं काम. अर्थिंगची तिसरी पिन कापून किंवा दोन पिनांच्या ॲडॉप्टरवर मायक्रोवेव्ह कधीच चालवू नका. वर सांगितलंच, याचा सांगाडा सर्किटचा भाग असतो.

बटणं दाबूनही काही होत नसेल तर चाइल्ड लॉक लागलेलं असू शकतं. थाळी फिरते, दिवा लागतो, आकडे उलटे मोजले जातात, पण गरम काहीच होत नाही, असं असेल तर पुस्तिकेत "डेमो मोड" शोधा. दुकानात मांडून ठेवण्यासाठी काही मॉडेलमध्ये ही सोय असते. चुकून दोन बटणं एकदम दाबली गेली की ती सुरू होते, आणि बिचारा मालक मॅग्नेट्रॉन गेला म्हणून हळहळत बसतो.

मध्येच बंद पडून अर्ध्या तासाने पुन्हा चालू होत असेल तर मागची-बाजूची जाळी बघा. भिंतीला टेकवून ठेवलेला किंवा वर कापड टाकलेला मायक्रोवेव्ह तापतो आणि आतली सुरक्षा-कळ वीज तोडते. मोकळी हवा मिळाली की बहुतेकदा प्रश्न मिटतो. जागा देऊनही तसंच होत असेल तर आतला पंखा गेलेला असू शकतो, तो आपला प्रांत नाही.

थाळी फिरत नसेल किंवा खडखडत असेल तर ती उचला. खाली तीन चाकांची रिंग आणि मधोमध प्लॅस्टिकचा छोटा कपलर असतो. चाकांत अन्नाचे कण अडकतात, कपलरचे कोपरे झिजून गुळगुळीत होतात. दोन्ही वस्तू हाताने निघतात, मॉडेल नंबर सांगून नव्या मिळतात. ही दुरुस्ती बिनधास्त करा.

पायरी ४: ठिणग्या उडत असतील तर

ठिणग्या पाहून लोक सगळ्यात जास्त घाबरतात, आणि गंमत म्हणजे यातले बरेच बिघाड स्वस्तातले असतात. आधी प्लग काढा. आतल्या भिंतीवर, बहुधा उजव्या बाजूला, पुठ्ठ्यासारखा दिसणारा एक करडा-तपकिरी तुकडा असतो. ती मायका, म्हणजे अभ्रकाची शीट. मॅग्नेट्रॉनच्या लाटा तिच्यामागच्या वाटेने आत येतात आणि उडालेलं तेल, अन्नाचे शिंतोडे त्या वाटेत जाऊ नयेत म्हणून ती बसवलेली असते. तिच्यावर तेलाचा थर बसला की तो थर तापतो, जळतो, त्याचा कोळसा होतो. कोळशातून वीज वाहते, मग तिथेच ठिणगी पडते, आणखी कोळसा होतो. हे चक्र एकदा सुरू झालं की थांबत नाही.

नुसती चिकट असेल तर ओल्या फडक्याने हलक्या हाताने पुसून पूर्ण वाळू द्या. काळं भोक पडलं असेल तर बदलायला हवी. ती कप्प्याच्या आतूनच एका क्लिपने किंवा स्क्रूने बसवलेली असेल तर बदलणं घरच्या घरी जमतं. जाड मायकाचा तुकडा जुन्याच्या मापाने कापायचा. पुठ्ठा, प्लॅस्टिक, फॉइल असले पर्याय नकोत, आणि शीट न लावता "तात्पुरतं" चालवणंही नको. काढण्यासाठी बाहेरचं कव्हर उघडावं लागत असेल तर थांबा.

आतला रंग उडून पत्रा उघडा पडला असेल तर त्या टोकावरही ठिणगी पडते. छोट्या डागासाठी मायक्रोवेव्हच्या कप्प्याचा खास रंग मिळतो. पत्र्याला गंजून आरपार भोक पडलं असेल तर मात्र त्या यंत्राला निरोप द्या.

पायरी ५: पाण्याची परीक्षा

"पूर्वीसारखं तापत नाही" ही तक्रार खरी की भास, हे एक लिटर पाण्याने ठरवता येतं. मायक्रोवेव्हला चालणाऱ्या भांड्यात बरोबर एक लिटर साधं पाणी घ्या, थर्मामीटरने तापमान लिहून ठेवा, थर्मामीटर काढून घ्या. पूर्ण पॉवरवर एक मिनिट चालवा, बाहेर काढून ढवळा, लगेच पुन्हा मोजा. जेवढे अंश वाढले त्याला ७० ने गुणा. १० अंश वाढले तर ७०० वॅट. हा आकडा यंत्रावरच्या "आउटपुट" वॅटशी ताडून बघा, "इनपुट"शी नव्हे. भांडंही थोडी उष्णता खातं, त्यामुळे थोडा कमी आकडा आला तर चालेल. निम्म्यावर आला असेल तर मॅग्नेट्रॉन थकलाय किंवा त्याला पुरेसे व्होल्ट मिळत नाहीत. दोन्हीचं उत्तर पत्र्याच्या पलीकडे.

मेकॅनिकला फोन करताना "नीट तापत नाही" म्हणण्यापेक्षा "९०० वॅटचा आहे, ४५० निघतात" असं सांगून बघा. समोरच्याचा सूरच बदलतो.

पायरी ६: उडालेला फ्यूज आणि दाराचे तीन स्विच

इथे थोडं थांबून वाचा, कारण घरगुती दुरुस्तीत सगळ्यात घातक चूक इथेच होते आणि ती करताना शॉकसुद्धा बसत नाही.

दार उघडं असताना लाटा सुरू राहू नयेत म्हणून दाराच्या कडीमागे एकाहून अधिक स्विच असतात. दार उघडलं की ते वीज तोडतात. पण स्विच आतून चिकटून बसला तर? त्यासाठी आणखी एक स्विच असतो, मॉनिटर स्विच. त्याचं काम विचित्र आहे. दार उघडलं आणि बाकीच्यांनी वीज तोडलेली नसली तर तो मुद्दाम शॉर्टसर्किट करतो आणि मुख्य फ्यूज उडवतो. यंत्र स्वतःला मारून घेतं, तुम्हाला वाचवण्यासाठी.

आता नवखा दुरुस्तीवाला काय पाहतो? मायक्रोवेव्ह बंद, फ्यूज उडालेला. नवा घालतो, दार उघडता क्षणी तोही उडतो. मग जास्त अँपिअरचा घालतो, किंवा वायरचा तुकडा गुंडाळतो. किंवा कुठल्याशा व्हिडिओत पाहून "हा तिसरा स्विच त्रास देतोय" म्हणून त्याच्या वायरी काढून टाकतो. मायक्रोवेव्ह मस्त चालू होतो! फक्त आता दार उघडं असतानाही मॅग्नेट्रॉन चालू राहू शकतो आणि ते सांगणारं कुणी उरलेलं नाही.

मिक्सर चालू झाला की दुरुस्त झाला. मायक्रोवेव्हचं तसं नसतं, तो चालू होऊनही नादुरुस्तच असू शकतो. या लाटांना रंग नाही, वास नाही. कातडीला ऊब जाणवेलही, पण डोळ्याच्या भिंगाला रक्तवाहिन्या नसतात, तिथली उष्णता वाहून नेणारं काही नाही, म्हणून डोळ्याला इजा आधी होऊ शकते.

दाराचंही असंच. लाटा दाराच्या कडेने बाहेर पडू नयेत म्हणून कडेभोवती ठरावीक खोलीची पन्हळ असते. लाटेची लांबी साधारण १२ सेंटिमीटर, त्या हिशेबाने तिचं माप ठरवलेलं असतं. बिजागरी वाकली, कडा चेपली, तिथे टेप किंवा रबराची पट्टी लावली, की हिशेब कोलमडतो. कागदाचा कपटा दारात अडकवून ओढून बघायची युक्ती फ्रिजसाठी ठीक आहे, इथे तिचा उपयोग नाही. मोबाइल आत ठेवून रिंग वाजते का बघणंही तसंच फोल. अमेरिकेच्या नियमानुसार वापरातल्या मायक्रोवेव्हमधून पाच सेंटिमीटर अंतरावर दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅटपेक्षा जास्त गळती होता कामा नये. ते मोजायला योग्य तपासलेला गळतीमापकच लागतो.

म्हणून दार सैल झालंय, नीट बसत नाही, काचेमागची जाळी फाटलीय, कडी तुटलीय, किंवा दार उघडल्यावरही गुणगुण आणि थाळी चालूच राहते, यातलं काहीही दिसलं तर प्लग काढा आणि वापर थांबवा. "तेवढं गरम करून घेते आणि मग" नको. (काम संपल्यावर नुसता पंखा थोडा वेळ फिरत राहणं बऱ्याच मॉडेलमध्ये नेहमीचं असतं, त्याची काळजी नको.) आत आग लागली तर दार बंदच ठेवा, वीज बंद करा, धूर थांबेपर्यंत उघडू नका.

पायरी ७: मेकॅनिकला काय विचारायचं

चांगला मेकॅनिक कव्हर उघडल्यावर पहिल्यांदा कपॅसिटरकडे जातो. तसं न करता थेट हात घालणारा दिसला तर त्याला अदबीने थांबवा. लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका, आणि कुणाला पेसमेकर असेल तर सुट्या मॅग्नेट्रॉनपासून लांब राहायला सांगा, त्यात तगडी चुंबकं असतात.

काम झाल्यावर तीन गोष्टी बघा. फ्यूज मूळच्याच रेटिंगचा आहे का. कव्हरचे सगळे स्क्रू परत बसले का, कारण दोन-तीन "जास्तीचे" उरतात हा सार्वत्रिक चमत्कार आहे आणि त्यातला एखादा अर्थिंगचा असू शकतो. आणि दाराभोवती गळतीमापक फिरवला का. तो नसेल तर दाराचं किंवा मॅग्नेट्रॉनचं काम त्याच्याकडून करून घेऊ नका.

पायरी ८: टाकून द्यायचा ठरला तर

जुन्या मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर काढून त्याने लाकडावर विजेच्या फांद्या-फांद्यांची नक्षी जाळायची, असे व्हिडिओ फार फिरतात. दिसायला सुंदर असते नक्षी. तिच्या नादात अनुभवी कारागिरांसह कितीतरी जणांचा जीव गेलाय. चुंबकासाठी मॅग्नेट्रॉन फोडणंही टाळा. काहींच्या सिरॅमिकमध्ये बेरिलियम ऑक्साइड असतं आणि त्याची धूळ फुप्फुसांना कायमची बाधते.

अख्खं यंत्र, न उघडता, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. त्याआधी वायर मुळापाशी कापून टाका, म्हणजे कुणी उचलून नेलं तरी "चालतोय का बघू" म्हणून सॉकेटला लावणार नाही. आणि कापण्याआधी प्लग काढलाय ना, ते डोळ्यांनी बघा. हसू नका, माझ्या डब्यात टवका उडालेली एक पक्कडही आहे.